दिसत असल्याचा दाखला

या प्रकरणातून दोन्या निमिया कान्तेरो यांना एकंदर तीन गोष्टी मिळवायच्या होत्या. पहिली, असुन्सिओनच्या हस्तकला मेळ्यातला चार नंबरचा गाळा. हा गाळा दाराशी असतो, डोक्यावर पंखा असतो, आणि आत शिरणारा माणूस पाय दुखायला लागण्याआधी पहिल्यांदा तिथंच थांबतो. दुसरी, अकरा महिने चौकटीवर ताणून विणलेल्या टेबलक्लॉथला चार अनोळखी माणसांनी "अरे वा" म्हणणं. न्यांदुती विणीचा हा टेबलक्लॉथ म्हणजे लेसचे एकशे बारा सूर्य होते आणि एकाची नक्षी दुसऱ्यात नव्हती. तिसरी गोष्ट त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. इतामोरोती गावात असा रिवाज होता, की चार नंबरच्या गाळ्याच्या मानकरणीला बाकीच्या विणकरणींनी सकाळी आधी "बुएनोस दियास" म्हणायचं. गेली सहा वर्षं हा मान शेजारच्या दोन्या अग्रिपिनांकडे होता. रविवार वगळले, तरी अंगण झाडता झाडता दोन्या निमियांनी कुंपणापलीकडे एकतर्फी घातलेले नमस्कार अठराशे अठ्ठ्याहत्तर भरत होते. परतफेडीची वेळ आली होती.

यंदा मेळ्याच्या समितीनं आधुनिक व्हायचं ठरवलं. गावोगावच्या विणकरणींनी गाठोडी घेऊन राजधानीत यायचं, परीक्षकांनी ती सोडून बघायची, ही जुनी पद्धत रद्द झाली. आता प्रत्येक नगरपालिकेनं आपल्या वेबसाइटवर फोटो लावायचे आणि परीक्षकांनी ते आपापल्या जागी बसून पाहायचे. मुदत शुक्रवारी दुपारी बारा. आणि ज्या गावाचे फोटो दिसणार नाहीत, तिथं मागच्या वर्षीचा गाळा मागच्या वर्षीच्याच माणसाकडे राहील, असं शेवटचं कलम.

इतामोरोती नगरपालिकेनं या कामासाठी 'डिजिटल आधुनिकीकरण विभाग' उघडला होता. विभागात एक कॉम्प्युटर, एक एसी आणि एक विल्फ्रिदो इन्सफ्रान होते. विल्फ्रिदो पदवीधर असल्यानं सगळं गाव त्यांना 'लिसेन्सियादो' म्हणे. नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे भर रस्त्यात माणसाची पदवी काढून घेणं, असं तिथं मानतात.

मंगळवारी सकाळी दोन्या अग्रिपिना मोबाइल घेऊन कुंपणाशी आल्या. त्या दोन्या निमियांच्या मुलीच्या धर्ममाता. त्यामुळे दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. प्रेमाचा याच्याशी काही संबंध नव्हता.

"बुएनोस दियास, कोमाद्रे," दोन्या निमियांनी अठराशे एकोणऐंशीवा घातला.

"तुझा टेबलक्लॉथ बघितला हो वेबसाइटवर."

"कसा दिसतोय?"

"स्वच्छ. चूक काढायला जागाच ठेवली नाहीस."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. 'निमिया कान्तेरो, न्यांदुती' या ओळीखाली एक रिकामा चौकोन होता. त्याच्या कोपऱ्यात कागदाचं एक चिमुकलं चित्र होतं. कागदाचा उजवीकडचा वरचा कोपरा फाटलेला होता.

"एकशे बारा सूर्य ना गं?" दोन्या अग्रिपिना म्हणाल्या. "सगळे एकदमच मावळले."

"आणि तुझा?"

"माझाही दिसत नाही. सातही जणींचे दिसत नाहीत. पण मला काय घाई आहे?"

दोन्या निमियांना शेवटचं कलम आठवलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि नगरपालिका गाठली.

लिसेन्सियादो तेरेरे पीत होते. बर्फाच्या पाण्यातलं ते पानांचं पेय शेवटच्या घोटापर्यंत शांतपणे ओढून त्यांनी कॉम्प्युटर दोन्या निमियांकडे वळवला. स्क्रीनवर टेबलक्लॉथ लखलखत होता. एकशे बाराच्या एकशे बारा सूर्य वर आलेले होते.

"दिसतंय?"

"इथं दिसतंय."

"मग दिसतंय."

"पण अग्रिपिनाच्या मोबाइलवर दिसत नाही, लिसेन्सियादो."

"दोन्या निमिया, हा विभाग नगरपालिकेच्या कॉम्प्युटरची जबाबदारी घेतो. गावातल्या बायकांच्या मोबाइलची नाही."

त्यांनी नोंदवही उघडली आणि लिहिलं: 'तक्रारदारास छायाचित्र प्रत्यक्ष दाखवण्यात आले. तक्रारदाराने ते डोळ्यांनी पाहिले. सबब तक्रार निराधार.' खाली सहीची जागा होती. पाहिलं तर होतंच, त्यामुळे दोन्या निमियांनी सही केली. वर्षअखेरीच्या अहवालात विभागाच्या नावापुढे 'निराधार तक्रारी: शंभर टक्के' असा आकडा यायचा होता, तो असा एकेका सहीनंच येत असतो.

निघताना लिसेन्सियादोंनी उपायांची छापील यादी हातात ठेवली. पान ताजं करा. ब्राउझरची साठवण पुसा. ब्राउझर बदला. मोबाइल बदला. तरीही दिसत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडा.

दोन्या निमियांनी यादी अक्षरशः पाळली. पावाच्या भट्टीवाल्याच्या मोबाइलवर पाहिलं, औषधवाल्याच्या पाहिलं, फुटबॉलच्या पंचाच्या पाहिलं. पाद्रींनी आपल्या मोबाइलवर तीनदा पान ताजं केलं, चौथ्यांदा छातीवर क्रूस काढून केलं. फाटका कोपरा कुणालाच शरण गेला नाही.

बुधवारी उरलेल्या विणकरणीही विभागात जाऊन आल्या. प्रत्येकीला आपला फोटो झळझळीत दिसला आणि प्रत्येकीनं सही केली. दोन्या अग्रिपिना तेवढ्या आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, काम करणाऱ्या माणसाला उगाच त्रास कशाला द्या.

तक्रारी सगळ्या निराधार निघाल्या, पण कटकट थांबेना. तेव्हा लिसेन्सियादोंनी प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. फोटो एका कॉम्प्युटरवर दिसतो आणि बाकी कशावर दिसत नाही, तर नागरिकांनी बाकी कशावर पाहावंच कशाला? दुपारच्या आत दारावर पाटी लागली: 'वेबसाइट दर्शन कक्ष. वेळ सात ते साडेपाच. मध्ये तेरेरेची सुट्टी. कृपया रांगेत पाहावे.'

नोव्हेंबरचा महिना, बाहेर चाळीस अंश, आणि गावातला एकमेव चालू एसी त्या खोलीत. वेबसाइट कमालीची लोकप्रिय झाली. लोक खुर्च्या घेऊन आले. चिपावाली टोपली घेऊन आली आणि रांगेतल्या रांगेत तिच्या कडक पावांची टोपली दोनदा रिकामी झाली. निवृत्त पोस्टमास्तरांनी टेबलक्लॉथ चार वेळा मन लावून पाहिला आणि पाचव्या वेळी त्याच्यासमोर झोपले. संध्याकाळी महापौरांकडे अहवाल गेला: 'वेबसाइटला प्रत्यक्ष भेट देणाऱ्यांची संख्या एका दिवसात शून्यावरून दोनशे साठ.' महापौरांनी समासात लिहिलं, 'वेग असाच राखावा.'

"पण परीक्षक इथं येणार नाहीत, लिसेन्सियादो," दोन्या निमिया रांगेतून तिसऱ्यांदा पुढे येऊन म्हणाल्या. "ते असुन्सिओनला बसलेत. तीन तासांचा प्रवास आहे. शुक्रवारी बारा वाजता ते आपापल्या कॉम्प्युटरवर बघणार आणि त्यांना फाटका कागद दिसणार."

लिसेन्सियादोंना हा मुद्दा पहिल्यांदाच मुद्दा वाटला. सात विणकरणींचं काय व्हायचं ते होवो, पण परीक्षकांची तक्रार राजधानीतून आली असती, आणि राजधानीतून आलेली तक्रार निराधार ठरवायला राजधानीतलाच माणूस लागतो.

"हरकत नाही," ते म्हणाले. "परीक्षकांना चित्र दिसलंच पाहिजे असं नियमात नाही. चित्र दिसतं, एवढं सिद्ध झालं की झालं. नोटरीबाईंना बोलावतो."

गुरुवारी सकाळी नोटरी सुनिल्दा ओवेलार शाईची डबी, मोठा शिक्का आणि जाड कागद घेऊन आल्या. गावात त्यांच्या दाखल्याशिवाय काही घडत नसे. मागं एकदा पूर आला, तोही त्यांनी पाणी मोजून दाखला दिल्यावरच आल्याचं धरलं गेलं. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनसमोर बसल्या आणि मोठ्यानं बोलत लिहू लागल्या.

"माझ्यासमोर एक पांढरी वस्तू दिसते. गोलाकारांची. जिच्यात सुतापेक्षा भोकं जास्त आहेत."

"भोकं नाहीत ती, नोटरीबाई," दोन्या निमिया म्हणाल्या. "ही पेरूची फुलं. हे मुंग्यांचं वारूळ. इकडे गाईचं पाऊल आहे."

"कायद्याला गाय दिसत नाही, दोन्या निमिया. जिथं काही नसतं, तिथं भोक असतं. गोलाकारांची संख्या..." त्या बोट हवेत नाचवत मोजू लागल्या. "एकशे अकरा."

"एकशे बारा."

"एकशे अकरा. मी मोजलेत."

"एक त्या बाणाखाली आहे. माऊसचा बाण आहे ना, त्याच्याखाली. जरा सरकवा म्हणजे दिसेल."

"पुराव्याला हात लावायचा नाही," नोटरीबाई म्हणाल्या आणि अक्षरी 'एकशे अकरा फक्त' लिहून मोकळ्या झाल्या.

मग शिक्क्याची वेळ आली. नोटरीचा शिक्का अर्धा दाखल्यावर आणि अर्धा मूळ दस्तावर पडावा लागतो. म्हणजे हा कागद याच दस्ताचा आहे, याबद्दल पुढे वाद राहत नाही. नोटरीबाईंनी दाखला स्क्रीनच्या काचेला टेकवून धरला, शिक्का शाईत दाबला आणि सत्तावीस वर्षांच्या सरावानं ठोकला. कॉम्प्युटर टेबलावर चार बोटं मागे सरकला. कागद बाजूला केला तेव्हा टेबलक्लॉथच्या मध्यावर बशीएवढा जांभळा अर्धगोल उमटला होता. तीसेक सूर्य त्याच्याआड गेले.

"एवढंच राहिलं," नोटरीबाई दाखल्याच्या शेवटच्या रकान्यावर आल्या. "दस्त ठेवल्याचं ठिकाण?"

"इथंच," लिसेन्सियादो अभिमानानं म्हणाले. "याच कॉम्प्युटरच्या पोटात. माझ्या फोल्डरमध्ये."

"आणि वेबसाइट कुठं असते?" दोन्या निमियांनी विचारलं.

"वेबसाइट जगभर असते."

"मग जगभरची माणसं माझा फोटो घेतात कुठून?"

"सोपं आहे. पानावर फोटो नसतो, दोन्या निमिया, फोटोचा पत्ता असतो. ब्राउझर पान उघडतो, पत्ता वाचतो, त्या पत्त्यावर जातो आणि फोटो घेऊन येतो."

"तुम्ही कुठला पत्ता दिलाय?"

लिसेन्सियादोंनी नोंदवहीत टिपलेला पत्ता काढून पाहिला.

"या टेबलाचा," ते म्हणाले.

"म्हणजे असुन्सिओनचा ब्राउझर असुन्सिओनच्याच टेबलात तुमचं फोल्डर शोधत बसलाय," दोन्या निमिया म्हणाल्या. "मी धाग्याचं टोक चौकटीला न बांधता माझ्या खुर्चीच्या पायाला बांधलं असतं, तर अग्रिपिनानं मला गावातून हाकललं असतं."

इथं लिसेन्सियादोंच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. हा माणूस मुळात वाईट नव्हता. त्यांना चूक कळली, ती सुधारायला दोन मिनिटं पुरतील हेही कळलं, आणि त्यांचा हात आपोआप माऊसकडे गेला.

"हात मागे," नोटरीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण पोस्टमास्तर जागे झाले. "तो आता सार्वजनिक दस्त आहे. बाण हलला तर एकशे बारावा बाहेर येईल आणि माझा दाखला खोटा पडेल. खोट्या दाखल्याला कैद आहे. मला नाही. दस्तात फेरफार करणाऱ्याला."

"दुसऱ्या मोबाइलनं टेबलक्लॉथचा नवा फोटो काढून पाठवते," दोन्या निमिया म्हणाल्या.

"पाठवा की. एकाच वस्तूचे दोन फोटो, एकावर शिक्का, एकावर नाही. शिक्का नसलेल्याला बनावट म्हणतात."

लिसेन्सियादोंनी हात मांडीखाली ठेवला. त्या घटकेपासून कॉम्प्युटर बंद करायचा नाही, हलवायचा नाही, त्याच्यावर दुसरं काही उघडायचं नाही, असं ठरलं. नगरपालिकेकडे तो एकच होता. गावात बैलाची नोंद थांबली, कुंपणाचे परवाने थांबले, दफनभूमीतली जागा मिळेना. लोकांनी मरणं पुढे ढकलावं, अशी तोंडी सूचना गेली. दर्शनाची रांग मात्र वाढली. आता शिक्काही पाहायला मिळत होता.

शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या बसनं दोन्या निमिया असुन्सिओनला निघाल्या. एका हातात दाखला होता. दुसऱ्या हातात धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात टेबलक्लॉथ होता. कायद्याचं काय ते दाखला बघून घेईल, पण माणसांनी माणसासारखं डोळ्यांनी बघितलं तर काम होईल, असा त्यांचा हिशेब होता.

समितीच्या सचिवबाईंनी दाखला दोनदा वाचला. मग दोन्या निमियांनी टेबलावर अभ्रा सोडला. खोलीतली माणसं टेबलाभोवती जमली. कुणीतरी "अरे वा" म्हणालंसुद्धा. दोन्या निमियांनी ते मनात जमा केलं. मग सचिवबाई मोजू लागल्या.

"एकशे बारा."

"हो ना," दोन्या निमिया पहिल्यांदाच हसल्या.

"दाखल्यात एकशे अकरा आहेत. म्हणजे हा तो नाही."

"बाई, एक बाणाखाली होता."

"दाखल्यात बाणाचा उल्लेख नाही." सचिवबाई वाईट नव्हत्या. त्या पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "एक कापून टाकलात तर जमेल. कोपऱ्यातला. कुणाला कळणार नाही."

दोन्या निमियांनी टेबलक्लॉथची घडी घातली. घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला.

बाराला पाच कमी असताना परीक्षकांचा निर्णय झाला. इतामोरोतीचं चित्र दिसतं, हे नोटरीच्या दाखल्यानं निर्विवाद सिद्ध होतं. त्यामुळे मागच्या वर्षीच्या मानकरणीचं कलम लागू होत नाही. मात्र ते चित्र एकाच कॉम्प्युटरवर दिसतं, हेही त्याच दाखल्यानं सिद्ध होतं. तेव्हा चार नंबरचा गाळा सदर कॉम्प्युटरला देण्यात येत आहे. देखरेखीसाठी विणकरणीनं सोबत यावं.

डिसेंबरात कॉम्प्युटर राजधानीला निघाला. तो बंद पडू द्यायचा नव्हता, म्हणून मालवाहू गाडीत दोन मोठ्या बॅटऱ्या ठेवल्या. बाण हलू द्यायचा नव्हता, म्हणून माऊस चिकटपट्टीनं फळीला बांधला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मिरवणुकांच्या सवयीनं लोक दारात येऊन उभे राहिले. एकानं फूलही टाकलं. लिसेन्सियादो कॉम्प्युटरला कवेत धरून बसले होते. दोन्या निमिया त्यांच्या मागे, मांडीवर अभ्रा घेऊन.

चार नंबरचा गाळा ठरल्याप्रमाणे दाराशी होता. वर पंखा होता. टेबलावर दाखल्यातल्या वस्तूशिवाय काही मांडायचं नाही, असं बजावलेलं होतं. पण एव्हाना दोन्या निमियाही शिकल्या होत्या. त्यांनी मेळ्याची नियमावली मागून घेतली, पायऱ्यांवर बसून वाचली आणि कलम बावीस काढलं: 'विजेच्या उपकरणांवर धुळीपासून संरक्षणासाठी आच्छादन असावे.' आच्छादनाला किती सूर्य असावेत, याबद्दल कलम बावीस गप्प होतं.

त्यांनी अभ्रा सोडला आणि टेबलक्लॉथ कॉम्प्युटरवर पसरला. सचिवबाई आल्या, त्यांनी पाहिलं, नियमावली पाहिली आणि पुढच्या गाळ्याकडे गेल्या. पंख्याच्या वाऱ्यानं एकशे बारा सूर्य हलत होते. दार उघडायला दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं दोन्या निमिया चार नंबरच्या गाळ्यात पाठ ताठ करून बसल्या.

मग दार उघडलं. पहिला गृहस्थ आला, थांबला, पाटी वाचली: 'इतामोरोतीची जगप्रसिद्ध न्यांदुती, येथे दिसते.' त्यानं टेबलक्लॉथचा उजवीकडचा वरचा कोपरा चिमटीत धरला, वर उचलला आणि आत डोकावला.

"काय आहे हो?" मागून बायकोनं विचारलं.

"शिक्का आहे."

"आणि शिक्क्याच्या मागे?"

"लेस असणार. चांगलीच असणार. उगाच एवढा मोठा शिक्का देत नाहीत." मग तो दोन्या निमियांकडे वळला. "बाई, हे फडकं जरा वर धरता का? फोटो काढायचाय."

दोन्या निमियांनी धरलं.

मेळा नऊ दिवस चालला. तीन हजार एकशे चाळीस माणसांनी चार नंबरचा गाळा पाहिला. लिसेन्सियादोंनी आकडा रोज टिपला.

आता कुणाला काय मिळालं आणि कुणी भरलं, ते लिहून प्रकरण बंद करायला हरकत नाही. लिसेन्सियादो विल्फ्रिदोंना बढती मिळाली आणि विभागाला दुसरा एसी. नोटरीबाईंकडे आसपासच्या अकरा नगरपालिका आपापले कॉम्प्युटर घेऊन शिक्का मारायला येऊन गेल्या. दोन्या अग्रिपिनांचा गाळा गेला. त्या रिवाजाच्या पक्क्या असल्यानं रोज सकाळी नगरपालिकेच्या खिडकीशी उभ्या राहून कॉम्प्युटरला "बुएनोस दियास" म्हणतात. गाळा त्याच्या नावावर होता, दोन्या निमियांच्या नव्हे, याबद्दल गावात दुमत नाही. कॉम्प्युटर उत्तर देत नाही, पण मानकरीण असताना दोन्या अग्रिपिनाही क्वचितच देत. कुंपणाशी दोघी आता एकदमच मान हलवतात. दोन्या निमियांचे जुने नमस्कार जमेलाच पडून आहेत.

भरलं ते टेबलक्लॉथनं. तीन हजार चिमट्यांनी त्याच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याचे चार सूर्य उसवले, पाचवा लोंबतो आहे. तो आता पसरला की पाहणाऱ्याला कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो, कोपरा फाटलेल्या त्या चिमुकल्या कागदासारखा. विशेष म्हणजे आता त्यात एकशे आठच आहेत, त्यामुळे तो दाखल्याशी अजूनही जुळत नाही.

इतामोरोतीची वेबसाइट चालू आहे. चौकोन रिकामाच आहे. लिसेन्सियादो सांगतात, दर आठवड्याला कुठून कुठून लोक विचारत असतात, चित्र दिसायला लागलं का म्हणून, आणि ते प्रत्येक चौकशी नोंदवहीत मांडतात. हे वाचता वाचता तुमचाही हात एकदा मोबाइलकडे गेला असेल, तर तुमचीही धरायला हरकत नाही. टेबलक्लॉथ कुठं आहे, तो कोपरा कुणी सांधून दिला का, असं विचारणाऱ्यांसाठीही त्याच वहीत एक रकाना आखलेला आहे. त्यात आजवर शून्य आहे, आणि तुम्हाला धरूनही शून्यच आहे.